टोपलीपुढची साक्ष

शास्त्रपाठ : अनुवाद २६:१-११, लूक १३:१०-१७



सुगीच्या सणाचा रविवार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वेदीसमोर टोपल्या मांडलेल्या असतात. ज्वारीची कणसे, भोपळे, उसाची कांडी, अंडी, क्वचित एखादी कोंबडीही पाय बांधून कोपऱ्यात ठेवलेली असते. शहरातील मंडळ्यांत यांपैकी बहुतेक वस्तू आदल्या दिवशी मंडईतून विकत आणलेल्या असतात, आणि त्यात गैर असे काही नाही. उपासना संपली की लिलाव होतो, दोन रुपयांचे लिंबू दोनशेला जाते, सर्वजण हसतात आणि मंडळीच्या निधीत भर पडते. मी स्वतः अनेक वर्षे असा लिलाव पुकारला आहे. परंतु अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातील विधी वाचताना मला नेहमी वाटते की, आपण टोपली तेवढी ठेवली आणि तिच्यापुढे उभे राहून जे बोलावयाचे होते ते मात्र विसरून गेलो.

त्या विधीत टोपली मुकाट्याने स्वीकारली जात नाही. याजक ती वेदीपुढे ठेवतो आणि मग अर्पण करणाऱ्याने बोलावयाचे असते. काय बोलावयाचे? आपल्या कष्टांविषयी नव्हे, पावसाविषयी नव्हे, पिकाच्या उताऱ्याविषयीही नव्हे. त्याने आपल्या पूर्वजाविषयी बोलावयाचे आहे. माझा मूळ पुरुष ठावठिकाणा नसलेला अरामी होता. मोजक्या माणसांनिशी तो मिसरात गेला आणि तेथे उपरा म्हणून राहिला, असे त्याने सर्वांसमक्ष सांगावयाचे आहे. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. साक्षीची सुरुवात ‘तो’ या शब्दाने होते. परंतु छळाची हकिकत येते तेव्हा ‘तो’ मागे पडतो आणि ‘आम्ही’ येतो. मिसऱ्यांनी त्याला गांजले असे नव्हे, आम्हांला गांजले. बोलणारा मनुष्य मिसरात कधी गेलेलाही नसेल. त्याच्या पायांखाली स्वतःची जमीन आहे, घरात धान्य आहे. तरीही देव त्याला सांगतो की, आजोबांची वेठ आपली म्हणून उच्चारल्याशिवाय ही टोपली पूर्ण होत नाही.

या वचनावर मनन करताना मला फार दूरच्या एका देशातील आजोबांची आठवण होते. ते मेक्सिकोतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेले शेतमजूर आजोबा होते. त्यांचे एकट्याचे चरित्र मी सांगत नाही. कारण ते एकटे नव्हते. आज कॅलिफोर्निया, टेक्सास, ॲरिझोना या संस्थानांत लाखो नातवंडे अशी आहेत की ज्यांच्या घरी भिंतीवर ग्वादालुपेच्या मातेचे चित्र आहे आणि त्याखाली टोपी हातात धरून उभ्या असलेल्या एका रापलेल्या माणसाचे छायाचित्र आहे. त्या माणसाने काय सोसले हे पुष्कळदा त्या घरात कोणी बोललेले नसते.

प्रथम एवढे सांगितले पाहिजे की, १८४८ पर्यंत कॅलिफोर्निया हा मेक्सिकोचाच भाग होता. युद्धात तो गेला. म्हणजे काही कुटुंबांनी सीमा ओलांडली नाही, सीमेनेच त्यांना ओलांडले. पुढे १९१० साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला व दहा वर्षे धुमसत राहिला. १९२६ ते १९२९ या काळात शासन आणि चर्च यांच्यात असा संघर्ष झाला की देशभर सार्वजनिक उपासना बंद पडली. हालिस्को, ग्वानाहुआतो, मिचोआकान या प्रांतांतील शेतकरी भूक आणि बंदुका या दोहोंपासून पळत उत्तरेकडे गेले. याकोब धान्यासाठी मिसरात गेला तसेच हे झाले. उत्तरेत रेल्वेचे रूळ टाकण्यासाठी, कापूस वेचण्यासाठी, साखरेच्या बिटाची विरळणी करण्यासाठी माणसे हवीच होती.

हवी होती, तोवर हवी होती. १९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि त्याच माणसांना आगगाड्यांत बसवून परत पाठविण्यात आले. अशी लाखो माणसे गेली; त्यांत अमेरिकेत जन्मलेली, कायद्याने अमेरिकन असलेली मुलेही पुष्कळ होती. (या कृत्याबद्दल कॅलिफोर्निया संस्थानाने २००५ साली कायदा करून क्षमा मागितली, तेव्हा त्या मुलांपैकी जी हयात होती ती म्हातारी झाली होती.) पुढे महायुद्ध आले, शेतावरचे गडी सैन्यात आणि कारखान्यांत गेले, आणि ज्यांना दहा वर्षांपूर्वी घालवून दिले होते त्यांच्याच गावांत पुन्हा बोलावणे गेले. ४ ऑगस्ट १९४२ रोजी दोन्ही सरकारांमध्ये करार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पहिली तुकडी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे उतरली. युद्ध संपले तरी ही योजना चालूच राहिली, ती १९६४ अखेरपर्यंत. या काळात सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. एकच माणूस पुन्हा पुन्हा जात असे, म्हणून माणसांची संख्या त्याहून कमी, तरी पुष्कळ.

या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. जो बाहूंनी काम करतो तो ब्रासेरो. शब्द साधा आहे, शिवी नाही. तरीही त्यात एक गोष्ट उघड होते: शेताला बाहू हवे होते, बाहूंना जोडलेला माणूस, त्याची बायको, त्याची मुले, त्याचे म्हातारपण हे नको होते. करारात बायकामुलांना आणण्याची सोय नव्हती. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम किती कोयते आणले ते सांगतो आणि उचल कोयत्यागणिक देतो. बीड-नगरकडच्या वाचकांना हे समजावून सांगावयास नको. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या माणसांनी, मजुरासाठी एकच व्याकरण शोधून काढले: एकीकडे अवयव, दुसरीकडे अवजार.

भरतीच्या केंद्रावर काय होत असे ते आजोबांनी नातवंडांना क्वचितच सांगितले. गावातून शिफारस मिळविण्यासाठी पैसे चारावे लागत, कर्ज काढावे लागे. केंद्राबाहेर दिवसचे दिवस उघड्यावर काढावे लागत. मग हात पुढे करावयास सांगत. तपासणारा तळव्यांवर घट्टे आहेत का ते पाही. मऊ हाताच्या माणसाला परत पाठवी. सीमेवर कपडे उतरवून वैद्यकीय तपासणी होई आणि अंगावर डी.डी.टी.ची भुकटी फवारली जाई. १९५६ साली लेनर्ड नाडेल या छायाचित्रकाराने हे सर्व टिपून ठेवले. ती छायाचित्रे आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. एका चित्रात रांगेतील एका तरुणाच्या तोंडावर फवारा येत आहे आणि त्याने डोळे मिटून घेतले आहेत. तो हयात असेल तर आज नव्वदीच्या घरात असेल.

बंधुभगिनींनो, तळहात पाहून माणूस निवडण्याची ही रीत वाचली तेव्हा मला यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय आठवला. सियोन म्हणते की परमेश्वर मला विसरला आहे. आणि परमेश्वर उत्तर देतो की मी तुला माझ्याच तळहातांवर कोरून ठेविले आहे. मालक मजुराचा तळहात पाहतो आणि तेथे त्याला घट्टे दिसतात. देव आपलाच तळहात पाहतो आणि तेथे त्याला मजूर दिसतो. आपल्या प्रभूच्या तळहातांवर खिळ्यांचे व्रण आहेत हे सांगावयास नको. पण त्याआधी अनेक वर्षे त्या हातांवर सुताराच्या अवजारांचे घट्टेही असले पाहिजेत, याचा आपण फारसा विचार करीत नाही. त्या भरती केंद्रावर तो रांगेत असता तर निवडला गेला असता.

आता कामाविषयी. सालिनासच्या खोऱ्यात लेट्यूस नावाची सॅलडची पालेभाजी मैलोगणती पिकते. तिची विरळणी करावयाची तर आखूड दांड्याची कुदळ देत. दांडा इतका आखूड की कमरेत पूर्ण वाकल्याशिवाय ती जमिनीला लागत नसे. मजूर तिला ‘एल कोर्तितो’ म्हणत, म्हणजे छोटी. लांब दांड्याच्या कुदळीने हे काम होत नाही, रोपे दुखावतात, असे मालक सांगत. मजुरांचा अनुभव वेगळा होता. सर्वजण वाकलेले असले म्हणजे जो पाठ ताठ करण्यासाठी क्षणभर उभा राहतो तो मुकादमाला दुरूनच दिसतो. दहा-दहा तास असे वाकून काम केलेल्या माणसांच्या मणक्यांची झीज चाळिशीतच झालेली असे. अखेर डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७५ साली ही कुदळ बंद झाली. लेट्यूसचे पीक त्यानंतरही आले. लांब दांड्याने आले.

लूकाच्या तेराव्या अध्यायातील स्त्री अठरा वर्षे कुबडी होती. ती कशाने वाकली हे शास्त्र आत्म्याच्या भाषेत सांगते. दळण, पाणी, मोळ्या यांचा त्यात काही भाग होता की नाही हे आपल्याला कळावयास मार्ग नाही. मात्र ती सभास्थानात आली होती, आणि तिला कोणाचेही तोंड वर पाहून दिसत नव्हते, एवढे निश्चित. येशूने तिला हाक मारली. ती नीट उभी राहिली. आणि लगेच सभास्थानाचा अधिकारी रागावला. त्याचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे: कामासाठी सहा दिवस आहेत, त्या दिवसांत या. पाठ ताठ करण्यालाही ठरलेली वेळ पाहिजे! प्रभूने त्याला उत्तर देताना बैल आणि गाढव यांची आठवण दिली, की शब्बाथ दिवशीही त्यांना तुम्ही पाण्यावर नेता. पुढे तो म्हणतो की ही तर अब्राहामाची कन्या आहे. मला या उत्तरात सर्वांत मोठे वाटते ते हेच. त्याने तिला पूर्वज दिला. ‘ती कुबडी’ म्हणून सारा गाव जिला ओळखत होता तिला एका मोठ्या घराण्याची लेक म्हणून त्याने सर्वांसमक्ष उभे केले. आणि लक्षात घ्या, ते घराणे कोणाचे? तंबूत राहणाऱ्या, स्वतःच्या मालकीची जमीन म्हणून बायकोच्या कबरीपुरते शेत विकत घेतलेल्या एका परदेशी माणसाचे.

मजुरीविषयी थोडेच लिहितो, कारण याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आपण सर्वांनी वाचला आहे; अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सैन्यांच्या प्रभूच्या कानी जाते, असे तेथे आहे. ब्रासेरोंच्या करारात पहिली काही वर्षे मजुरीतून शंभराला दहा कापून घेत. ते पैसे बचत म्हणून मेक्सिकोच्या बँकांत जावयाचे आणि मजूर घरी परतला की त्याला मिळावयाचे. बहुतेकांना ते मिळाले नाहीत. पुष्कळांना आपले पैसे कापले जातात हेच ठाऊक नव्हते, कारण करारपत्र वाचता येत नव्हते. साठ वर्षांनी, २००५ साली, मेक्सिकोच्या संसदेने निधी उभारून प्रत्येकी ३८,००० पेसो देण्याचे ठरविले. त्यासाठी मूळ कागद हवे होते. मग नातवंडांनी पत्र्याच्या पेट्या उघडल्या. काहींना त्या दिवशी प्रथम कळले की आपले आजोबा पंचविसाव्या वर्षी कसे दिसत होते, कारण करारपत्रावर छायाचित्र होते. याकोब म्हणतो ती ओरड कधीकधी दोन पिढ्या पेटीत पडून राहते.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना मला संकोच वाटतो, कारण ते मंडळीविषयी आहे.

मध्य कॅलिफोर्नियात डेलानो हे द्राक्षांचे गाव आहे. ८ सप्टेंबर १९६५ रोजी तेथील फिलिपिनो मजुरांनी काम थांबविले आणि आठ दिवसांनी मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. तो संप पाच वर्षे चालला. देशाच्या कामगार कायद्यांनी १९३५ सालीच कारखान्यातील कामगाराला संघटनेचा हक्क दिला होता, शेतमजुराला मात्र त्यातून वगळले होते. त्या गावातील द्राक्षमळ्यांचे मालक कोण होते? त्यांपैकी पुष्कळजण क्रोएशियातून, इटलीतून आलेल्या स्थलांतरितांची मुले होती. त्यांचे वडील-आजोबा हाती काही नसताना बोटीने आले होते, भाषा येत नव्हती, लोकांची चेष्टा त्यांनी सोसली होती. ते भाविक कॅथलिक होते. मजूरही कॅथलिक होते. एकाच ख्रिस्तशरीरासाठी दोघेही हात पुढे करीत होते. आणि बाहेर पडल्यावर एकजण मळ्याच्या आत जाई, दुसरा फाटकाबाहेर फलक घेऊन उभा राही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी १९२० पासून मजुरांच्या छावण्यांत सेवाकार्य चालविले होते. मुलांना शिकविणे, दूधपावडर व कपडे वाटणे हे चालले होते तोवर स्थानिक मंडळ्या प्रसन्न होत्या. त्याच सेवकांनी संपकऱ्यांच्या बाजूला उभे राहण्याचे ठरविले तेव्हा मात्र देणग्या आटल्या आणि रागाची पत्रे सुरू झाली. दया चालत होती. न्याय म्हटल्यावर अडचण झाली.

मी त्या मालकांना दुष्ट म्हणत नाही. त्यांनीही कष्ट केले होते, त्यांच्याही डोक्यावर बँकेचे कर्ज होते. मला त्यांच्यात ओळखीचा चेहरा दिसतो. त्यांनी टोपली आणली, वेदीपुढे ठेवली. फक्त माझे आजोबा उपरे होते, हे वाक्य त्यांच्या तोंडून आले नाही. ते आले असते तर फाटकाबाहेरचा मनुष्य त्यांना आजोबांसारखा दिसला असता. अनुवादातील त्या विधीचे शेवटचे वचन (२६:११) असे सांगते की त्या आनंदाच्या जेवणात तुझ्याबरोबर लेवी आणि तुझ्यामध्ये राहणारा उपरा यांनीही बसावे. साक्ष आधी, पंगत नंतर. साक्ष गळली की पंगतीतून माणसेही गळतात.

आणि विसरणे हे केवळ मालकांच्याच घरी घडते असे नाही. मजुराच्या घरीही घडते. शाळेत स्पॅनिश बोलले तर मुलांना शिक्षा होत असे. होसेचा जो होई, मारियाची मेरी. मुले शिकली, कचेरीत गेली, आणि आजोबा घरी आलेल्या मित्रांसमोर येऊन बसले की ती अस्वस्थ होऊ लागली. आजोबांनाही ते कळे. ते उठून परसात जात. मला वाटते, मळ्यावरच्या वाकण्यापेक्षा त्या उठून जाण्याने त्यांना अधिक दुखले असेल.

हे मी कोठून जाणतो? माझी आजी नगर जिल्ह्यात दुसऱ्यांच्या शेतांत निंदणी-खुरपणी करीत असे. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडावयास जात होती. तिच्या उजव्या अंगठ्याचे नख त्या वेळी गेले ते पुन्हा नीट आले नाही. तिच्या मजुरीतल्या पैशांनी माझ्या वडिलांची आणि काही अंशी माझी फी भरली गेली. पुढे ईश्वरविद्येच्या शिक्षणासाठी मी परप्रांतात गेलो असता पहिल्याच आठवड्यात एका सहाध्यायाने विचारले, तुमचे घरचे लोक काय करतात? मी म्हणालो, शेती. ते खोटे नव्हते. माझी आजी शेतीच करीत होती. शेत आमचे नव्हते, एवढेच मी सांगितले नाही. त्यानंतर मी सेवेत आलो, अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायावर निदान चार वेळा प्रवचन केले, आणि चारही वेळा ‘आमचे पूर्वज’ म्हणजे इस्राएल असेच सांगून खाली उतरलो. आजी दोनदा त्या प्रवचनाला पुढच्या बाकावर बसलेली होती.

तर असे हे मेक्सिकन आजोबा माझ्यापर्यंत आले. त्यांच्यापैकी अठ्ठावीसजणांची हकिकत सांगून थांबतो.

२८ जानेवारी १९४८ रोजी ओकलंडहून एक विमान निघाले. त्यात २८ मेक्सिकन माणसे होती. काहीजण करार संपलेले होते, काहीजण कागदांवाचून आलेले होते. सर्वांना सीमेकडे परत नेण्यात येत होते. त्यांत एक स्त्री होती. बरोबर विमानाचे तीन कर्मचारी आणि स्थलांतर खात्याचा एक पहारेकरी होता. कोलिंगा गावाजवळ लॉस गातोस नावाच्या घळीवर विमानाला आग लागली, पंख तुटला आणि ते कोसळले. बत्तीसपैकी कोणीही वाचले नाही. कर्मचाऱ्यांची नावे बातम्यांत आली, त्यांचे देह त्यांच्या घरी गेले. मेक्सिकन प्रवाशांविषयी रेडिओवर आणि दूरच्या वर्तमानपत्रांत एवढेच सांगितले गेले की ती परत पाठविली जात असलेली माणसे होती. फ्रेस्नो शहरातील कॅथलिक कबरस्तानात त्या सर्वांना एकाच लांब खड्ड्यात पुरले. वर एक लहान पाटी बसविली: विमान अपघातात मरण पावलेले २८ मेक्सिकन नागरिक. वुडी गथ्री या गायकाने ती बातमी ऐकून त्याच वर्षी एक गीत रचले. नावे सांगितली गेली नाहीत याचेच दुःख त्यात होते. गीत जगभर गेले. नावे मात्र खड्ड्यातच राहिली.

तिकडे मेक्सिकोतील खेड्यांत काही घरांना मृत्यूची बातमी कळली होती, पण देह कोठे ठेवले ते कळले नव्हते. अशा एका घरातील नातू पुढे स्वतः कॅलिफोर्नियात येऊन स्थायिक झाला आणि आपल्या आजोबांची कबर शोधू लागला. सरकारी नोंदींत स्पॅनिश नावे चुकीच्या अक्षरांनी लिहिली गेली होती, त्यामुळे शोध अवघड होता. तरी ती कबर त्याला सापडली. पुढे टिम हर्नांडेझ या लेखकाने, जो स्वतःही शेतमजुरांच्या घराण्यातला आहे, कबरस्तानाच्या व्यवस्थापकांच्या साहाय्याने एकेक नाव शोधून, अक्षरे दुरुस्त करून यादी तयार केली. वर्गणी जमली. २ सप्टेंबर २०१३ रोजी, म्हणजे अमेरिकेतील कामगार दिनी, त्या कबरीवर नवा मोठा दगड बसविण्यात आला. शेकडो लोक जमले होते, धर्मप्रांताचे बिशप आले होते. पासष्ट वर्षांनंतर अठ्ठावीस नावे त्या दगडावर आली. जन्माच्या वेळी आईबापांनी ठेवलेली, बाप्तिस्म्याच्या वेळी याजकाने उच्चारलेली पूर्ण नावे.

आज त्या देशातील पिकांवर राबणाऱ्या मजुरांत निम्म्याहून अधिक मेक्सिकोतच जन्मलेले आहेत. २०२० च्या महामारीत सरकारने त्यांना अत्यावश्यक म्हटले. ज्यांच्याजवळ राहण्याचा परवानाही नव्हता ती माणसे खिशात आपण अत्यावश्यक असल्याची चिठ्ठी ठेवून पहाटे मळ्यावर जात होती.

त्या दगडाविषयी मी वाचले तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझ्या आजीच्या कबरीवर दगडच नाही. लाकडी क्रूस होता, तो कधीच कुजून गेला. गेल्या उन्हाळ्यात आम्ही भावंडे गावी जमलो आणि तालुक्याच्या ठिकाणी पाथरवटाकडे गेलो. नाव, जन्म, मृत्यू, सर्व त्याने कागदावर उतरवून घेतले. खाली वचन कोणते घालू, असे त्याने विचारले. तो स्वतः ख्रिस्ती नाही, पण आपल्या लोकांचे दगड करून करून त्याला अर्धा डझन वचने पाठ झाली आहेत. मी म्हटले, वचन राहू द्या, नावाखाली ‘शेतमजूर’ असे कोरा. त्याने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले. “साहेब, असं कुणी लिहीत नाही,” तो म्हणाला. “मास्तर लिहितात, पाळक लिहितात, फार तर बागायतदार लिहितात.”

माझ्या धाकट्या बहिणीने त्याच्या हातातला कागद घेतला आणि तो शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून दिला.